निर्वाचक मंडळ आणि गावचा सरपंच

अमेरिकेचा अध्यक्ष निर्वाचक मंडळाकडून निवडला जातो. त्यामुळे ज्या राज्याचा कौल आधीच निश्चित, तेथील मतदारास आपले मत निरर्थक वाटते, हा आक्षेप जुनाच आहे. त्याची पारख करण्यास महाड-पोलादपूरची गावे अधिक सोयीची होत. कारण येथे दोन्ही पद्धती अल्पकाळात आलटूनपालटून आल्या. २०१७ पर्यंत सरपंचाची निवड ग्रामपंचायतीचे सदस्य करीत, म्हणजे तेच निर्वाचक मंडळ होते. त्या वर्षी थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

डोंगरउतारावरील विखुरलेल्या वाड्यांत एखाद्या प्रभागाच्या जागा बिनविरोध ठरणे नवलाचे नाही. जुन्या पद्धतीत अशा प्रभागात मतदानच होत नसे. मग मुंबईच्या चाकरमान्याने रजा काढून यावे कशाला? थेट पद्धतीत सरपंचपदासाठी लढत असली की तोच प्रभाग मतदान करतो. म्हणून दोन्ही पद्धतींतील टक्केवारीची तुलना करताना बिनविरोध प्रभाग वेगळे काढावेत. अन्यथा तुलना फसवी ठरते.

मात्र सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे, अशी विभागलेली सत्ताही याच पद्धतीने संभवते. मग ठराव अडतात. आणि अविश्वासास तीन-चतुर्थांश सदस्यांची व ग्रामसभेची मान्यता लागत असल्याने कोंडी सहजी फुटत नाही. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष १९६१ च्या अधिनियमानुसार सदस्यच निवडतात. तेथे हा पेच सहसा उद्भवत नाही.