घरच्या व शेतीच्या दुरुस्तीसाठी वेल्डिंगचे यंत्र कसे निवडावे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला लोखंडी नांगर शेतकऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती पुष्कळांस वाटली होती. ती भीती केव्हाच मावळली. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि त्याच घराण्याने १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी काढून विजेची यंत्रे बनविण्यास आरंभ केला. आज नेलमंगल, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर या भागांतील शेतांवर नांगर, फाटक, पाण्याचे नळ, ट्रॉली असे जवळजवळ सारेच लोखंडी असते. लोखंड मोडते मात्र बहुधा पेरणीच्या दिवशीच. मोडलेले अवजार घेऊन तालुक्याच्या गावी जावे, तर जमिनीची ओल हातची जाते. यास्तव घरी एखादे लहानसे वेल्डिंगचे यंत्र असावे असे अनेकांना वाटते, आणि ते बंगळूरच्या एस. जे. पी. रोडवरील दुकानांत चौकशीस जातात. तेथे खोक्यांवर २००, २५० असे मोठमोठे आकडे छापलेले असतात. जितका आकडा मोठा तितके यंत्र चांगले, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो खरा नव्हे.

विजेच्या वेल्डिंगमध्ये लेप दिलेली धातूची कांडी व दुरुस्त करावयाची वस्तू यांच्या दरम्यान प्रखर ठिणगी अखंड पेटती ठेवतात. तिला प्रज्योत म्हणतात. तिच्या उष्णतेने दोन्ही कडा व कांडीचे टोक वितळून एकजीव होतात. किती प्रवाह लागेल हे कांडीच्या जाडीवरून ठरते. २.५ मिलिमीटर कांडीस सुमारे ६० ते ९० अँपियर व ३.१५ मिलिमीटर कांडीस ९० ते १३० अँपियर पुरतात. खिडकीचे गज, बिजागऱ्या, फाटकाची चौकट, वखराची दांडी ही कामे या दोन कांड्यांत भागतात. म्हणजे खरोखर १४० ते १६० अँपियर देणारे यंत्र घरास पुरेसे आहे.

आता प्रश्न विजेच्या जोडणीचा. जुन्या धर्तीच्या यंत्रात तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वेटोळ्यांचे जड रोहित्र असते. प्रज्योतीस सुमारे २४ व्होल्ट पुरत असले, तरी ती पेटावी व टिकावी म्हणून रोहित्र ६०-६५ व्होल्टचे बांधावे लागते, आणि घरची लाइन त्या मोठ्या दाबाच्या हिशेबाने प्रवाह पुरविते. १०० अँपियरच्या वेल्डिंगसाठी २३० व्होल्टच्या लाइनीतून सुमारे २८ अँपियर खेचले जातात. इन्व्हर्टर यंत्र प्रथम विजेला एकदिश करते, मग तिचे सेकंदास हजारो वेळा तुकडे पाडते. त्यामुळे आतील रोहित्र मुठीएवढे पुरते आणि तेवढ्याच कामास १७-१८ अँपियर लागतात. २.५ मिलिमीटर कांडीने काम केल्यास बारा-तेरा अँपियरच, म्हणजे १६ अँपियरच्या जाड पिनांच्या प्लगवर ते चालते. पंख्याच्या प्लगवर मात्र ते कधीही लावू नये.

अर्थात रोहित्राचा कैवार घेणारे कारागीर सर्वस्वी चुकीचे नाहीत. रोहित्र धूळ सोसते, जळाले तरी मोटारी भरून देणारा कोणीही ते पुन्हा गुंडाळून देतो. इन्व्हर्टरमध्ये पाल शिरली वा ओल धरली की कार्ड जाते, आणि ते दुरुस्त करणारा माणूस खेड्यात मिळत नाही. तरीही एकफेज घरगुती जोडणी असणाऱ्याने इन्व्हर्टरच घ्यावा. मात्र ज्याचे सुटे भाग व दुरुस्ती जवळच्या शहरात मिळते असाच. पंपाच्या जोडणीवर यंत्र चालवावयाचे असेल, तर आधी वीज कंपनीस विचारावे.

खोक्यावरील मोठ्या आकड्याशेजारी टक्केवारी लिहिलेली असते. तीच आधी वाचावी. १६० अँपियर, ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे तो प्रवाह देता येतो, उरलेली चार मिनिटे यंत्रास विसावा. २०० अँपियरपुढे २० टक्के लिहिले असेल, तर दोनच मिनिटे! टक्केवारी मुळीच लिहिलेली नसेल, तर दुकानदाराचे आभार मानून पुढच्या दुकानात जावे. कांडी बदलणे, वरची मळी ठोकून काढणे यांत विसावा आपोआप मिळतो, म्हणून घरच्या कामास फार मोठी टक्केवारी लागत नाही.

वाचलेले पैसे तारेवर खर्च करावेत. १ चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर लांब तार वापरली, तर १७ अँपियरला सुमारे १७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि तार तापते, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ७ व्होल्ट होते. गावात दाब आधीच कमी असतो, तेथे हा फरक कांडी पेटण्या-न-पेटण्याचा ठरतो.

आणि मुखवटा. प्रज्योतीतील जंबुपार किरणांनी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. साधा काळा चष्मा पुरत नाही, १० किंवा ११ क्रमांकाची काच हवी. जस्त चढविलेल्या नळाचा धूर फुप्फुसास अपायकारक असतो. जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे. डिझेल-पेट्रोलचे पिंप रिकामे दिसले, तरी त्यास वेल्डिंग करू नये. आतील वाफेचा स्फोट होतो. ट्रॅक्टरवर काम करताना बॅटरीची जोडणी सोडावी व परतीचा चिमटा जोडाशेजारीच लावावा, नाहीतर प्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्याचे पृष्ठ खराब करतो.

प्रत्येक मोडलेली वस्तू या यंत्राने जोडली जात नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साध्या कांडीने जोडले तर थंड होताना जोडाशेजारीच तडकते. त्यास महागडी निकेलची कांडी व तापवून काम करण्याचा सराव लागतो. बीड ओळखण्यासाठी चाकावर घासून पाहावे: ठिणग्या आखूड व तांबूस निघतात, मऊ पोलादाच्या लांब व पिवळसर. नांगराच्या फाळात कर्बाचे प्रमाण अधिक असते. तोही आधी तापवावा व राखेत सावकाश निवू द्यावा. ट्रॉलीचा जू-दांडा मात्र नवशिक्याने हाती घेऊ नये. तो भर रस्त्यावर सुटला, तर ट्रॉलीत बसलेल्या मजुरांच्या जिवावर बेतते. ते काम सरावलेल्या वेल्डरकडेच न्यावे, मग त्यासाठी पेरणीचा एक दिवस गेला तरी चालेल.