डोंगराच्या पोटातली रात्र

केजहून धारूरकडे किंवा मांजरसुंब्याकडे निघालं की जे डोंगर भेटतात त्यांना आपण बालाघाट म्हणतो. पण ही रांग सुरू कुठून होते? नकाशावर बोट ठेवून उलटं जात राहावं. पाटोदा, आष्टी मागं पडतात, अहिल्यानगर जिल्हा लागतो, पारनेरचं पठार येतं, जुन्नर तालुक्याची उत्तरेकडची हद्द येते आणि बोट सह्याद्रीच्या मुख्य रांगेला जिथं टेकतं तिथं हरिश्चंद्रगड उभा असतो. भूगोलाच्या पुस्तकात या रांगेचं पूर्ण नाव हरिश्चंद्र-बालाघाट असं जोडीनंच छापलेलं असतं. सरळ रेषेत हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. केजच्या माणसानं या गडावर रात्र काढली तर तो परमुलखात नसतो, आपल्याच डोंगराच्या वरच्या टोकाला असतो.

आणि रात्र काढायलाच हवी. गड दिवसा पाहून संध्याकाळी उतरलं तर मंदिर दिसतं, कडा दिसतो, पण डोंगर माणसाला सांभाळतो कसा, हे कळत नाही.

युरोपातल्या आल्प्स पर्वतात अशा मुक्कामासाठी खास घरं बांधलेली आहेत. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतली धर्मशाळा अकराव्या शतकापासून बर्फात अडकलेल्या वाटसरूंना आसरा देत आली आहे. १८६३ साली स्विस आल्पाइन क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली झोपडी उभारली. इटलीच्या बाजूला मॉन्टे रोझावरची मार्गेरिता झोपडी तर ४५५४ मीटरवर आहे. १८९३ मध्ये ती उघडली आणि विरळ हवेत शरीराचं काय होतं याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी तिथं मुक्काम करून केला. या घरांसाठी लाकूड, पत्रा, दगड सगळं खालून वर न्यावं लागलं.

आपल्याकडे वर काही न्यावं लागलं नाही. डोंगरच आतून कोरला आणि राहायला जागा केली.

या मुक्कामघराचा सर्वांत जुना आणि स्पष्ट नमुना हरिश्चंद्रगडाच्या शेजारी, नाणेघाटात आहे. कोकणातून घाट चढून माथ्यावर आलं की समोर लेणं. ना स्तूप, ना मूर्तिपूजेची जागा. चौकोनी दालन आणि भिंतींना लागून बसायला दगडी बाक. सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख त्याच्या भिंतींवर कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, नाणी यांचा हिशेब त्यात आहे, आणि आकडे चिन्हांनी लिहिलेले असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला मोठं स्थान आहे. मला मात्र तिथला दुसरा, अगदी छोटा लेख जास्त हलवतो. सोपाऱ्याच्या गोविंददासानं इथं पाण्याचं टाकं दान दिलं, एवढंच तो सांगतो. सोपारा म्हणजे आजच्या वसईजवळचं नालासोपारा. समुद्रकाठच्या एका माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी वाटलं की घाटमाथ्यावर धापा टाकत पोचणाऱ्या अनोळखी वाटसरूला प्यायला पाणी असावं.

ते वाटसरू कुठं निघालेले असत? जुन्नर, पैठण आणि तिथून तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं म्हटलं आहे. तिथलं कापड गाड्यांतून बंदराकडे जाई. तगर म्हणजे आपल्या केजच्या दक्षिणेला, धाराशिव जिल्ह्यात असलेलं तेर. पैठण आणि तेर यांच्या मधल्या पट्ट्यातच केज आहे. नाणेघाटाच्या बाकांवर पाठ टेकलेल्या माणसांपैकी काही जण आपल्या शिवारातून चालत गेलेले असणार, हे मानायला हरकत नाही.

असं घर कोरायचं कसं? सह्याद्री काय आणि बालाघाट काय, दोन्ही एकाच खडकाचे, काळ्या बेसॉल्टचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, आणि असे थरावर थर साचले. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. मधे काळ लोटला असेल तर वरच्या भागाची झीज होऊन तांबड्या मातीचा पट्टा तयार झालेला. लेणं कोरणारे कारागीर हे सगळं ओळखून होते. छताला फट नसलेला दगड यावा अशी पातळी ते निवडत आणि काम छतापासून सुरू करत. वरून खाली कोरत आलं की पायाखाली न फोडलेला दगड असतो, मग परांचीची गरजच उरत नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी दोनशेहून अधिक लेणी आहेत. भिक्षूंच्या खोल्यांत निजायचा ओटासुद्धा त्याच दगडात ठेवलेला दिसतो. पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी राहत. हीच रांग पूर्वेला आपल्याकडे येते तेव्हा अंबाजोगाईला जोगाईच्या मंडपाची लेणी भेटतात, लोक त्यांना हत्तीखाना म्हणतात. दगड तोच.

हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या आजूबाजूला अशा गुहा आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांत मुक्काम करत आले आहेत. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ मध्ये, याच गडावर पूर्ण केला. वीज नाही, चूल धुरकट, पाऊस आडवा. तरीही इथं बसून ग्रंथ लिहिता आला, कारण गुहा राहण्याजोगी होती.

ती राहण्याजोगी का असते, हे रात्री अंगाला कळतं. गडाचा माथा १४०० मीटरच्या वर. दर शंभर मीटर चढलं की हवा साधारण सहा दशांश अंशानं गार होते, त्यामुळे कोकणातल्या पायथ्याच्या मानानं इथं सात-आठ अंश कमी. हिवाळ्यात पहाटे उघड्यावर बसवत नाही. पण गुहेच्या आतल्या भिंतीला हात लावला तर ती बर्फासारखी लागत नाही. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी खडकात जेमतेम दीड-दोन हात खोल पोचते. त्याहून आत गेलं की दिवस-रात्र नसतेच. उन्हाळा-हिवाळ्याचा फरकसुद्धा आत जाता जाता मंद होतो आणि दहा-पंधरा मीटरवर जवळजवळ संपतो. तिथं वर्षभराच्या सरासरीचं तापमान कायम असतं. म्हणून गुहा वैशाखात गार आणि पौषात उबदार. आपल्या भागातले जुने लोक ज्वारी पेवात ठेवत. ती वर्षानुवर्षं टिकायची त्याला पेवातली हवाबंद जागा जशी कारण होती, तशीच ही न बदलणारी उबही होती. गुहेत माणूस पेवातल्या ज्वारीसारखा सांभाळला जातो.

पाण्याचं कोडं याहून मोठं. डोंगराच्या माथ्यावर, जिथं वरून वाहून यायला नदी नाही, तिथं चैत्रातही टाक्यात पाणी कसं? पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून उतरतं, सच्छिद्र थरात साठतं आणि खालच्या घट्ट थरावर किंवा तांबड्या मातीवर येऊन अडतं. पुढं वाट नाही म्हणून ते आडवं सरकतं आणि कड्याच्या अंगाला पाझरतं. जिथं खडकाला ओल दिसते तिथंच टाकं खोदायचं, म्हणजे पावसाचं पाणीही साठतं आणि झराही लागतो. कित्येक टाकी आत खांब सोडून कोरलेली असतात. छत राहिल्यामुळे पाण्यावर ऊन पडत नाही. वाफ कमी होते आणि शेवाळही फारसं धरत नाही. मोटार, जाळी काही नसताना हे पाणी शतकानुशतकं पिण्याजोगं राहिलं आहे.

गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत हे सारं एकत्र दिसतं. मधोमध भलं मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी. चारपैकी एकच खांब शाबूत आहे आणि उरलेले तीन म्हणजे सरलेली तीन युगं, असं लोक म्हणतात. पाण्यात पाय टाकला की कळ मस्तकात जाते. त्या पाण्याला सूर्य कधीच दिसलेला नाही.

गडावरचं पाणी तीन वाटांनी जातं. पश्चिमेचं कड्यावरून कोकणात आणि अरबी समुद्राला. दक्षिणेचं पुष्पावतीतून कुकडीला आणि पुढं भीमेला. मंदिराजवळून निघणारी मंगळगंगा मुळेला मिळते, मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून केज तालुक्याच्या धनेगावाला धरणात अडलेली आपली मांजरा तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. रांगेच्या दोन टोकांचं पाणी अखेर तिथं एक होतं. आपल्याकडे पाऊस किती तोलूनमापून पडतो हे आपल्याला सांगायला नको. तो आधी या वरच्या टोकावर धो धो रिता होतो आणि उरलेल्यावर आपलं भागतं.

पण रात्र थांबण्याचं सर्वांत मोठं कारण सकाळी मिळतं. गडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे, अर्धगोल आणि आत वळलेला. दिवसा समुद्राकडून येणारा वारा या भिंतीवर आदळून वर उसळतो, इतका की हलकी पानं खाली टाकली तर परत वर येतात. पावसाळा संपताना पहाटे खालचं कोकण ढगांनी भरलेलं असतं. सूर्य पाठीमागून, पूर्वेकडून, वर येतो आणि कड्यावर उभ्या असलेल्या माणसाची सावली खालच्या ढगावर पडते. नशीब असेल तर त्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ उमटतं. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं इथून ते पाहिल्याची नोंद आहे. पावसातलं इंद्रधनुष्य थेंबाच्या आत वळून परतलेल्या किरणांनी बनतं. इंद्रवज्राला त्याहून कितीतरी सूक्ष्म थेंब लागतात. ते प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनं परत पाठवतात, आणि तिथं प्रकाशाचं तरंगरूप कामी येतं. म्हणून वर्तुळ लहान असतं आणि नेमकं आपल्याच सावलीभोवती पडतं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला त्याच्या डोक्याभोवतीचं दिसतं, तुमच्या नव्हे. पाच जण उभे असतील तर इंद्रवज्रं पाच.

सूर्य वर चढला की सावली कड्याच्या पायथ्याशी ओढली जाते आणि ढगही विरू लागतो. पायथ्याहून सकाळी निघणाऱ्याला हे सापडायचं नाही. रात्री जो वर झोपला त्यालाच ही संधी.

केजहून बीड, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर करत पाचनईला पोचावं. तिथून चढ सोपा, दोन-तीन तासांचा. खिरेश्वरची टोलार खिंडीची वाट लांब आहे, आणि नळीच्या वाटेला सराव नसताना हात घालू नये. पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, ढग आणि ऊन दोन्ही मिळण्याची आशा जास्त. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाला परवानगी आहे का आणि कुठं, हे निघण्याआधी वनविभागाकडे विचारून घ्या. पाचनईच्या माणसांकडून पिठलं-भाकरी घ्या, त्यावर त्यांचं घर चालतं. गुहेत शेकोटी पेटवू नका, धुरानं कोरीव काम काळवंडतं. टाक्यात साबण नेऊ नका, भांडी बाहेर, लांब जाऊन धुवा. आणि पहाटे उजाडायच्या आत कोकणकड्याची वाट धरा.