काळ्या दगडातली वाट

1981 साली मायकेल थॅकरे प्रिटोरियाहून ऑक्सफर्डला गेला, तेव्हा त्याच्या डोक्यात एका खनिजाने ठाण मांडलं होतं. मॅग्नेटाइट. लोखंडाचं काळं, चुंबकाला चिकटणारं ऑक्साइड. या दगडाच्या आत लिथियम शिरू शकतं, असा त्याचा कयास होता. ज्याच्या प्रयोगशाळेत तो निघाला होता त्या जॉन गुडइनफला मात्र हे सहजी पटण्यासारखं नव्हतं.

या प्रवासामागे दक्षिण आफ्रिकेचा सरकारी पैसा होता, आणि तो पैसा कुठून सुटला हे सांगितलंच पाहिजे. 1973 मध्ये अरब देशांनी दक्षिण आफ्रिकेचं तेल तोडलं. इराणकडून मिळत होतं, तेही 1979 च्या क्रांतीनंतर थांबलं. वर्णद्वेषी राजवट जगात एकटी पडत चालली होती आणि पेट्रोलवाचून चालणारी गाडी तिला हवी होती. हेतूत उदात्त काहीच नव्हतं, हवेतल्या कार्बनची तर कुणाला फिकीरही नव्हती. पण प्रिटोरियाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत योहान कुट्झर यांच्या हाताखाली गाडीच्या बॅटरीवर काम सुरू झालं. त्या बॅटऱ्या शेकडो अंशांपर्यंत तापवाव्या लागत. थॅकरे मूळचा स्फटिकशास्त्रज्ञ. असल्या धगधगत्या घटांमध्ये लिथियम लोखंडाच्या ऑक्साइडशी संयोग पावतं, हे त्याने तिथे पाहिलं होतं. मग साध्या, खोलीतल्या तापमानाला का नाही?

गुडइनफच्या शंकेला वजन होतं. त्याच्याच प्रयोगशाळेने 1980 मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा बॅटरीचा पदार्थ पुढे आणला होता. त्या पदार्थात थरावर थर असतात आणि लिथियम थरांमधल्या फटीतून ये-जा करतं. मॅग्नेटाइट स्पिनेल कुळातलं. या कुळात थर नाहीत, फटी नाहीत, सगळीकडून घट्ट बांधलेली रचना. गुडइनफने 1950 च्या दशकात अमेरिकेत संगणकाच्या चुंबकीय स्मृतीसाठी याच कुळातल्या पदार्थांवर काम केलेलं. स्पिनेलची नस न् नस त्याला ठाऊक होती, म्हणूनच त्यात परक्या अणूला जागा सापडेल हे त्याला अवघड वाटलं. तरी त्याने थॅकरेला अडवलं नाही. माझ्या मते या कथेतला हा त्याचा फार मोठा वाटा आहे.

थॅकरेने मॅग्नेटाइटच्या भुकटीवर ब्यूटिललिथियम वापरलं. हे द्रव हवा लागताच पेटू शकतं, म्हणून सगळा व्यवहार हवेपासून दूर. लिथियम आत गेलं. पण आत जाऊन त्याने केलं काय? रचना मोडून लोखंड बाहेर फेकलं असतं तर ती बॅटरी एकदाच चालली असती, पुन्हा भरता आली नसती. उत्तर क्ष-किरणांकडे होतं. किरणांच्या आलेखातून जे हाती आलं ते विलक्षण होतं: लोखंडाचे काही अणू आपली जागा सोडून शेजारच्या रिकाम्या जागेत सरकले होते, लिथियमने आपली जागा घेतली होती, आणि लोखंड-ऑक्सिजनचा मूळ सांगाडा जसाच्या तसा उभा होता. वाड्याचे खांब जागेवर, फक्त बिऱ्हाडांनी खोल्या बदललेल्या! घट्ट समजलेल्या त्या दगडात तिन्ही दिशांना एकमेकींना छेदणारे बोगदे होते.

मॅग्नेटाइट स्वतः मात्र कामाचं नव्हतं, कारण सरकलेलं लोखंड त्याच बोगद्यांत अडून बसायचं. बोगद्यांत लिथियमखेरीज काहीच नसेल असं स्पिनेल हवं होतं. ते मँगनीजमध्ये मिळालं. थॅकरे, बिल डेव्हिड, पीटर ब्रूस आणि गुडइनफ यांचा निबंध 1983 मध्ये आला. पुढे याच पदार्थातून लिथियम बाहेर काढल्यावर सुमारे 4 व्होल्ट दाब मिळाला, कोबाल्टच्या तोडीचा. आणि मँगनीज कोबाल्टपेक्षा कितीतरी स्वस्त.

इथून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत सत्तावीस वर्षं गेली. निसान लीफ आणि शेव्हरोले व्होल्ट या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या 2010 च्या डिसेंबरात, आणि दोन्हींच्या बॅटऱ्यांत मँगनीज स्पिनेल होतं. सत्तावीस वर्षं कोणती कंपनी थांबते? भागधारक दुसऱ्याच वर्षी हिशेब मागतात. बॅटरी गरम झाली की मँगनीज विरघळू लागतं, ही खोड लवकरच कळली होती. थॅकरे 1994 मध्ये अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेला. तिथे पगार अमेरिकी ऊर्जा खात्याचा. विजेच्या दृष्टीने जवळजवळ निष्क्रिय असं एक मँगनीज संयुग सक्रिय पदार्थाच्या आतच टेकूसारखं गुंफायचं, ही ख्रिस्तोफर जॉन्सन, खलील अमीन, जेकूक किम आणि त्याची कल्पना. तिची पेटंटं 2004 मध्ये मिळाली आणि 2011 मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी केम यांनी त्यांचे परवाने घेतले.

दरम्यान ओबामा सरकारने 2009 मध्ये बॅटऱ्या आणि विजेच्या गाड्यांसाठी 2.4 अब्ज डॉलर जाहीर केले होते. त्यातूनच एलजीचा मिशिगनमधला कारखाना उभा राहू लागला, आणि जुलै 2010 मध्ये पायाभरणीला ओबामा स्वतः गेले. पण गाड्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत. काम नसलेले कामगार पत्ते खेळत आणि सिनेमे पाहत बसले, असं ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकांनीच फेब्रुवारी 2013 च्या अहवालात लिहिलं. लोक चिडले, ते रास्तच होतं. मात्र त्यावरून ‘सरकारने यात पैसा घालूच नये’ असा जो सूर निघाला, तो मला अजूनही अन्यायाचा वाटतो. त्या बॅटरीतला पदार्थ सरकारी पैशाशिवाय जन्मलाच नसता.

दक्षिण आफ्रिकेने शोध पोसला, कारखान्यापर्यंत नेला नाही. जगातले मँगनीजचे सर्वांत मोठे साठे तिच्या कालाहारीत आहेत, तरी बहुतेक मँगनीज धातुकाच्या रूपातच जहाजांवर चढतं.

मँगनीज आपल्याही दारात आहे. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मॉइल ही नागपूरची सरकारी कंपनी बॅटरीला लागणारं मँगनीज डायऑक्साइड काढते. विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 2019 पासून 10,000 कोटी रुपये ठेवले गेले, आणि त्यातला फार मोठा भाग गाडी घेणाऱ्याच्या सवलतीसाठी होता. सवलत हवीच, तिने गाड्या रस्त्यावर आल्या. पण भंडाऱ्याच्या मँगनीजवर वीस वर्षं डोकं खपवायला तयार असलेल्या एखाद्या तरुण स्फटिकशास्त्रज्ञाचा पगारही त्याच तिजोरीतून निघायला हवा, आणि दहाव्या वर्षी हाती काही लागलेलं नसलं तरी तो चालू राहायला हवा.