कालचीच वाहतूक, पुन्हा एकदा

जबलपूरमधील गढा म्हणजे गोंड राजांची जुनी राजधानी, मदनमहालाच्या टेकडीचा शेजार. आज मात्र या भागाची ओळख नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयामुळे अधिक आहे. महाकोशलातील खेड्यापाड्यांतून रुग्ण येथे येतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या नातलगांना रात्री-अपरात्री औषधांसाठी रोख रकमेची निकड भासते. अशा वेळी एटीएमने पैसे न देता खात्यातून रक्कम वजा केली, तर त्या माणसाच्या जिवाची काय घालमेल होत असेल! रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जमा झाली पाहिजे आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी शंभर रुपये भरपाई दिली पाहिजे. परंतु औषधाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला पाच दिवसांचा हा दिलासा अपुराच वाटणार.

म्हणूनच जाळ्यातील एखादे उपकरण बदलण्यापूर्वी ते पारखून घेण्याला बँकिंग व्यवसायात फार महत्त्व आहे. या पारखण्याची एक रीत मोठी मनोवेधक आहे. प्रत्यक्षात घडून गेलेली वाहतूक टिपून ठेवायची आणि तीच नव्या उपकरणातून पुन्हा वाहू द्यायची.

संगणकांमधील प्रत्येक संभाषण लहान लहान तुकड्यांनी होते. त्यांना ‘पॅकेट’ म्हणतात आणि मराठीतील ‘पाकीट’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. वर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, आत मजकूर. सर्वसाधारण जाळ्यात एका पाकिटात सुमारे दीड हजार बाइट्सपर्यंत मजकूर मावतो. ही पाकिटे टिपणारी ‘टीसीपीडम्प’ ही आज्ञावली १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झाली. टिपलेली पाकिटे पुन्हा सोडणारी ‘टीसीपीरिप्ले’ ही आज्ञावली १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅट अंडी यांनी लिहिली. पुढे ॲरन टर्नर यांनी आणि २०१३ पासून फ्रेड क्लासेन यांनी तिचा सांभाळ केला. ती सर्वांसाठी खुली व विनामूल्य आहे.

टिपताना प्रत्येक पाकिटावर येण्याची वेळ सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत नोंदली जाते. त्यामुळे पगाराच्या दिवशीची सकाळची गर्दी हुबेहूब त्याच लयीत पुन्हा उभी करता येते. हवी तर दुप्पट किंवा दसपट वेगानेही सोडता येते. कल्पनेने रचलेल्या वाहतुकीत ही लय उतरत नाही. खरी गर्दी वेडीवाकडी असते, मध्येच थबकते, मध्येच उसळते.

मात्र या रीतीला एक मोठी मर्यादा आहे. दोन संगणक बोलू लागतात तेव्हा प्रत्येक संभाषणासाठी नवा, सहज ओळखता न येणारा आरंभक्रमांक ठरतो आणि पुढची पाकिटे त्याच क्रमाने मोजली जातात. कालची पाकिटे आज खऱ्या सर्व्हरपुढे टाकली, तर क्रमांक जुळत नाहीत आणि तो ती झिडकारतो. म्हणून हा प्रयोग मुख्यतः वाटेवरच्या राखणदारांसाठी, म्हणजे फायरवॉल व घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणांसाठी उपयोगी पडतो. सर्व्हरची परीक्षा घ्यायची तर संदेश नव्याने बांधावे लागतात. जुन्या पाकिटांचा हा नकार खातेदाराच्या हिताचाच आहे. पैसे काढण्याचा एखादा संदेश चोराने टिपला आणि तोच पुन्हा धाडला, तर रक्कम दोनदा वजा होता कामा नये. एटीएमच्या संदेशात म्हणूनच सहा अंकी मागक्रमांक असतो. सांकेतिक शिक्का आणि दर संभाषणाला बदलणारी किल्ली यांचे संरक्षण त्याच्या जोडीला असते.

राखणदाराची परीक्षा किती मोलाची असते, हे पुण्यात दिसून आले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या व्यवस्थेत चोरट्यांनी एक बनावट स्विच उभा केला. पैसे काढण्याच्या विनंत्या मूळ खातेप्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. मंजुरी परस्पर देण्यात आली आणि अनेक देशांतील एटीएममधून रोकड निघाली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मंजुरी बाहेर पडते, पण खातेप्रणालीकडे प्रश्नच जात नाही, हे विसंगत चित्र नेहमीच्या टिपलेल्या वाहतुकीत मुद्दाम विणता येते आणि धोक्याची घंटा वाजते की नाही ते पाहता येते.

टिपणाचे स्वतःचेही पथ्य आहे. त्यात खातेदारांचे तपशील असू शकतात. मजकूर सांकेतिक असला तरी पत्ते उघडे राहतात. म्हणून पत्ते बदलले जातात, ओळख पुसली जाते आणि चाचणीचे जाळे मुख्य जाळ्यापासून तोडलेले ठेवले जाते. हे तोडणे विसरले, तर चाचणीची पाकिटे थेट चालू व्यवहारांत जाऊन मिसळण्याचा धोका आहे.

जबलपूरला या विद्येचा शेजार जुनाच आहे. भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाणारी दूरसंचार प्रशिक्षण संस्था १९४२ पासून याच शहरात आहे. तारायंत्राच्या काळातही पोहोचलेला संदेश पुन्हा वाचून पडताळण्याची शिस्त होतीच. गढ्याच्या एटीएमपुढील नातलगाला यातले काहीच ठाऊक नसते. नोटा हाती पडताच तो औषधाच्या दुकानाकडे वळतो.