इस्तंबूलचा बेंच, दोन वेळा

२५ मे २००५. इस्तंबूलचं अतातुर्क ऑलिम्पिक स्टेडियम. चॅम्पियन्स लीगची फायनल. हाफटाइमला लिव्हरपूल एसी मिलानविरुद्ध ०-३ ने मागे. पुढचं फुटबॉलवेड्यांना तोंडपाठ आहे. सहा मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टी शूटआउट आणि कप लिव्हरपूलकडे. गोलमध्ये येर्झी डुडेक. बेंचवर १९ वर्षांचा एक पोरगा.

१० जून २०२३. तेच शहर, तेच स्टेडियम, तीच फायनल. या वेळी मँचेस्टर सिटीनं इंटर मिलानला १-० ने हरवलं. गोलमध्ये एडरसन. आणि बेंचवर तोच पोरगा, आता ३७ वर्षांचा.

त्याचं नाव स्कॉट कार्सन. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची दोन मेडल्स, अठरा वर्षांच्या अंतरानं, आणि दोन्ही फायनलमध्ये एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. ‘काय नशीब आहे राव, बसल्या बसल्या मेडल!’ असं म्हणून मीम बनवायला एकदम फिट माणूस. पण मधली अठरा वर्षं बघितली, की हसू जरा थांबतं.

कारण हा काही बेंचवरच वाढलेला माणूस नव्हे. लीड्सकडून टीनएजमध्येच प्रीमियर लीग खेळला. २००५च्या जानेवारीत लिव्हरपूलनं त्याला घेतलं आणि एप्रिलमध्ये डुडेकच्या दुखापतीमुळे थेट युव्हेंटसविरुद्ध क्वार्टर फायनलला उतरवलं. समोरच्या गोलमध्ये होता बुफॉन! लिव्हरपूल २-१ ने जिंकलं. पुढे शेफिल्ड वेन्सडे, चार्लटन, ॲस्टन व्हिला अशा क्लबांकडे तो उसना जात राहिला. इंग्लंडचा पुढचा नंबर वन हाच, अशी हवा होती.

मग आली २१ नोव्हेंबर २००७ची रात्र. वेम्ब्ली, पाऊस, समोर क्रोएशिया. युरो २००८मध्ये जायला इंग्लंडला फक्त ड्रॉ हवा होता. कोच स्टीव्ह मॅक्लॅरननं नेहमीच्या पॉल रॉबिन्सनला बसवून २२ वर्षांच्या कार्सनला खेळवलं. आठव्याच मिनिटाला क्रान्यचारनं लांबून शॉट मारला. बॉल समोर टप्पा पडून कार्सनच्या हातांना लागला आणि आत गेला. इंग्लंड २-३ ने हरलं, युरोची दारं बंद झाली, दुसऱ्या दिवशी मॅक्लॅरनची नोकरीही गेली. इतर दोन गोल कसे झाले हे आज कुणाला आठवतही नाही. कार्सनची चूक मात्र सगळ्यांना आठवते. फॉरवर्डनं पाच चान्स घालवून सहावा मारला, तर तो हिरो. गोलकीपरचा हिशेब बरोबर उलटा चालतो.

इंग्लंडकडून त्याला एकूण चारच मॅच मिळाल्या. क्लबचं करिअर मात्र थांबलं नाही, आणि मला खरं कौतुक याच मधल्या वर्षांचं वाटतं. वेस्ट ब्रॉमबरोबर तो एकदा खाली गेला आणि एकदा वर आला. मग थेट तुर्कस्तान, बुर्सास्पोर. (इस्तंबूलशी याचं काहीतरी लागेबांधे असणार!) नंतर विगन, मग डर्बी. ही चमकधमक नसलेली, दर शनिवारी मैदानात उतरायची नोकरी होती. सप्टेंबर २०१८मध्ये डर्बीनं लीग कपात मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर पेनल्टींवर हरवलं. फिल जोन्सची निर्णायक पेनल्टी अडवली कार्सननं. तेव्हा डर्बीचा मॅनेजर होता फ्रँक लॅम्पार्ड, म्हणजे वेम्ब्लीच्या त्या रात्री इंग्लंडकडून खेळलेलाच एक जण.

२०१९मध्ये सिटीनं त्याला नेलं, तिसरा गोलकीपर म्हणून. आता हे नक्की काय काम? एक तर नियम. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत ‘होमग्रोन’ नसलेले जास्तीत जास्त १७ चालतात. ज्याला खेळवायचंच नाही, त्याच्यासाठी यातली एक जागा कोण घालवेल? इंग्लंडमध्ये तयार झालेला कीपर इथे कामाला येतो. दुसरं म्हणजे प्रॅक्टिस. स्ट्रायकरना शूटिंगचा सराव करायचा तर समोर खराखुरा कीपर लागतो. रोज डाइव्ह मारायची, रोज बॉल उचलायचा, आणि शनिवारी कोट घालून बसायचं. कॉलेजच्या टीममध्ये जो कायम ‘एक्स्ट्रा’ असतो त्याला विचारा, हे किती जड जातं ते. आणि गोलकीपरची जागा तर एकच. बॅकच्या जागेवर कुणी फॉरवर्ड निभावून नेईल, पण एक्स्ट्रा कीपर दुसरीकडे कुठे खेळणार?

तरी दोनदा संधी आली. मे २०२१, टायटल खिशात घातल्यावर न्यूकॅसलविरुद्ध. दहा वर्षांनी प्रीमियर लीगची मॅच! विलॉकची पेनल्टी त्यानं अडवली, पण बॉल परत त्याच्याच पायात गेला आणि गोल झाला. सिटी ४-३ ने जिंकली. मग मार्च २०२२, स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध. पहिल्या लेगमध्ये सिटीनं ५-० मारलेले, त्यामुळे शेवटच्या सतरा मिनिटांसाठी गार्डिओलानं एडरसनला बाहेर काढून कार्सनला आत पाठवलं. युव्हेंटसच्या मॅचनंतर १७ वर्षांनी. समोरून पाउलिन्यो एकटा आला, तर यानं अंग पसरून बॉल अडवला. स्टेडियम उठून उभं.

२०२५च्या उन्हाळ्यात त्यानं सिटी सोडली. सहा सीझन, दोन मॅच. त्यातल्या दुसऱ्या मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही.