कळसूची वाट

पहाटेचे साडेपाच वाजलेत. बारी गावात अजून अंधार आहे, पण गाड्या लावायला जागा उरलेली नाही. नवरात्रातला रविवार आहे. मारुतीच्या देवळापाशी चपलांचा आणि बुटांचा एकच आवाज चाललाय. कपाळाला विजेरी बांधलेली मुंबई-नाशिकची पोरं आहेत, अनवाणी बाया आहेत, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप आहेत. ओढा ओलांडून मी कळसूबाईच्या चढाला लागतो. पायाला ओळखीची लाल माती लागते आणि थोड्याच वेळात बांधीव पायरी येते.

अकरावीत असताना मामांच्या मागोमाग या वाटेवर पहिल्यांदा आलो, तेव्हा धुक्यात वाट चुकली होती. एका गुराख्याने काठीने दिशा दाखवली आणि तो धुक्यात दिसेनासा झाला. दिवसभरात भेटलेला तो एकुलता एक माणूस. आज वाट चुकायची म्हटली तरी चुकणार नाही. पुढच्याची पाठ धरायची आणि चालायचं. कठड्याचा लोखंडी दांडा दवाने गार पडलाय. मी त्याला धरतो, कारण गेल्या वर्षीपासून डावा गुडघा बोलायला लागलाय.

उजाडतं तसं सोनकीचं पिवळं दिसायला लागतं. पाऊस सरत आलाय, कातळाच्या कडेने पाण्याची बारीक धार अजून आहे. मी कान देतो, पण ती धार ऐकू येत नाही. मागच्या टोळक्यातल्या एकाने पाठपिशवीला स्पीकर अडकवलाय. हे अभयारण्य आहे. माझं खरं दुखणं या आवाजात आहे, वाटेवरच्या बांधीव पायऱ्यांत नाही. मी थांबून त्याला आवाज कमी करायला सांगतो. तो करतो, वळण ओलांडलं की पुन्हा वाढवतो.

वाटेतल्या एका टपरीवर लिंबू सरबत घ्यायला टेकतो. सहा बांबू, वर निळी ताडपत्री, आत स्टोव्ह. मावशी लिंबू कापताकापता सांगतात, "पाणी खालून डोक्यावर आणावं लागतं, दादा. पण आवंदा पोरगी कालेजात घातली." आधी काय करायच्या, मी विचारतो. "भात लावायचा, नाहीतर नारायणगावाकडं मजुरीला जायचं. आता घरी तर असते." मी दुसरा पेला मागतो. ही टपरी इथे नसावी असं मला दर खेपेला वाटतं आणि दर खेपेला मी इथे बसतो. मावशींच्या मुलीची फी याच वाटेवरून येते, हे कळल्यावर तर पहिलं वाटणं तोंडावर आणायचीही लाज वाटते.

सरबत पिऊन होईपर्यंत मावशींची धाकटी समोरचा केर काढते. पेले, वेष्टनं, बाटल्या, सगळं पोत्यात भरते. इथली जुनी गोष्ट मला आठवते. कळसू नावाची कोळ्याची मुलगी इंदोरे गावात कामाला राहिली, ती अट घालून: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला दोन्ही करायला लावलं. तिने केलं आणि तशीच डोंगरावर निघून गेली, ती परत आली नाही. ज्या डोंगराने तिला त्या कामातून सोडवलं, त्याच डोंगरावर आज एक दहा-बारा वर्षांची पोर वाकून दुसऱ्यांचा केर उचलतेय. माझा रिकामा पेला मी तिच्या पोत्यात टाकत नाही, पिशवीत ठेवतो. त्याने काही मोठं होत नाही, पण तिच्या हातात तो द्यायला माझा हात धजत नाही.

शिडीशी रांग आहे. वरचे उतरायला आणि खालचे चढायला एकाच वेळी अडलेत. माझ्या पुढे नऊवारीचा काष्टा मारलेल्या एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. हातातल्या पिशवीत ओटीचं सामान आहे: नारळ, खण, हिरव्या बांगड्या. नातू खालून आधार देतोय. पूर्वी कधी आला होतात का, असं मी आजींना विचारतो. "न्हाई बाबा. मालक जायचे. बायामाणसांनी खालूनच हात जोडायचे. त्या कड्यावरनं कोण नेणार?"

त्या चढण्याआधी पिशवीतून करंड काढतात, शिडीच्या पहिल्या पायरीला हळदकुंकू लावतात, बोटं कपाळाला टेकवतात आणि मग लोखंडाला घट्ट धरून वर जातात. मागची पोरं गप्प उभी राहतात. स्पीकरवाल्यानेही गाणं बंद केलंय.

शिखरावर, 1646 मीटरवर, वारा कानात शिरतो. महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा आणि तिथे पाय ठेवायला जागा नाही. इवल्याशा देवळात आजी ओटी भरताना मला फक्त त्यांची पाठ दिसते. मामांनी इथेच उभं राहून बोट दाखवत गडांची नावं पाठ करून घेतली होती. अलंग, मदन, कुलंग. खाली भंडारदऱ्याचं पाणी. ती सगळी जागच्या जागी आहेत. मी ओठातल्या ओठात नावं म्हणतो. फोटो काढणारी एक मुलगी ऐकते आणि विचारते, "काका, मदन कुठला?" मी तिला बोट करून दाखवतो, मधला.

उतरताना शिडीपाशी पुन्हा रांग. माझी पाळी येते. उन्हात शिडीचं लोखंड तापायला लागलंय, शेकडो हातांनी दांडे गुळगुळीत झालेत. खालच्या पायरीवरचं हळदकुंकू पुसट झालंय, पण अजून आहे. मी दांडा धरतो, तिच्या वरच्या पायरीवर थांबतो आणि ती एक पायरी टाळून जमिनीवर पाय टेकतो. गुडघा कळवळतो.