९९९९ इन १

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' होता, त्यांना ती पिवळी कॅसेट नक्की आठवत असेल. लागली नाही की तोंडाजवळ धरून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. आमच्या कॅसेटवर ठळक अक्षरांत छापलेले होते, '९९९९ इन १'. एका मे महिन्यात मी आणि दादा वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि पडद्यावरची यादी उतरवू लागलो. पहिले दोनेक डझन खेळ वेगवेगळे निघाले. त्यापुढे तोच मारिओ, तोच रणगाडा, तीच मोटार. कुठे खेळ दुसऱ्या पातळीपासून सुरू व्हायचा, कुठे जादा बंदूक आधीच हातात असायची, कुठे नुसते नावच बदललेले. तीनशेच्या आसपास पोचल्यावर आम्ही वही मिटली. दादा म्हणाला, "२० छापायला आणि ९९९९ छापायला शाई सारखीच लागते रे."

पुढे खोकी बदलली, शाईचा हिशोब तोच राहिला. म्हणून गेमिंगच्या जगातला कुठलाही अगडबंब आकडा दिसला, की मला आधी त्याला कशाने तरी भागावेसे वाटते.

पण हे सगळे आकडे काही खोटे नाहीत, आणि जे खरे आहेत ते ऐकूनच गरगरायला होते.

अमेरिकेतल्या अटारी कंपनीचे १९७७ सालचे यंत्र घ्या. पुढे त्याला '२६००' हे नाव मिळाले आणि ते सुमारे तीन कोटी घरांत पोचले. खेळ चालू असताना लक्षात ठेवायला या यंत्राकडे जागा होती १२८ बाइट. आजच्या संगणकात देवनागरीची एकेक खूण, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, तीन बाइट घेते. 'आज संध्याकाळी लवकर घरी ये, भाजी संपली आहे, दूध पण.' हा निरोप १२६ बाइटचा. उरलेल्या दोन बाइटांत 'या'मधला नुसता कानाही मावणार नाही. खेळाडू कुठे आहे, शत्रू कुठे आहे, गुण किती झाले, हे सगळे त्या यंत्राने एवढ्याशा निरोपाच्या जागेत सांभाळले.

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० किलोबाइटचा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लग्नपत्रिकेचा फोटोसुद्धा बहुधा याहून जड असतो. २०२० मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ५ मधली साठवणूक ८२५ गिगाबाइटची आहे. तेवढ्या जागेत असे दोन कोटी मारिओ राहतील.

आता वेग. हे यंत्र सेकंदाला १०.२८ लाख कोटी आकडेमोडी करू शकते असे कंपनी सांगते. एवढी मोठी संख्या म्हणायची कशी, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच सुटला आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'लीलावती'त कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म आणि मग शंकू येतो. शंकू म्हणजे एकावर तेरा शून्ये. त्या यादीतला शंकू आता टीव्हीखालच्या कप्प्यात येऊन बसला आहे. सेकंदाला एक शंकू गणिते, वर थोडी चिल्लर. भारतातल्या १४० कोटी माणसांनी, तान्ह्या बाळासकट, सेकंदाला एकेक गणित सोडवायचे ठरवले, तर या यंत्राचे एका सेकंदाचे काम संपवायला सगळ्यांना मिळून दोन तास लागतील.

इथपर्यंत मीही तोंडात बोट घालतो. आता भागाकार.

४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे, म्हणजे सेकंदाला जवळपास ५० कोटी ठिपके रंगवायचे. शंकूला त्याने भागले, की एकेका ठिपक्याच्या वाट्याला वीस हजार गणिते येतात. डबक्यातले प्रतिबिंब, घोड्याच्या आयाळीवरचे ऊन, भिंतीवरची सावली, सगळे या वीस हजारांत बसवायचे. शंकूच्या मानाने वीस हजार म्हणजे किराणा दुकानातला आकडा.

आणि याच यंत्राच्या खोक्यावर सुरुवातीला '८के' असे छापलेले होते. ८के पडद्यावर ठिपके ३ कोटी ३१ लाख, म्हणजे चौपट. गणिते तेवढीच आणि तोंडे चौपट झाली, की प्रत्येकाच्या ताटात वीस हजारांऐवजी पाचच हजार पडतात. खरोखर ८के मापात चित्र रंगवणारा खेळ म्हणून २०२१ मध्ये नाव झाले ते 'द टूरिस्ट' या छोट्याशा, ठोकळेबाज चित्रांच्या खेळाचे. बाकीचे मोठे खेळ त्या वाटेला गेले नाहीत. २०२४ पर्यंत खोक्यावरचे ते '८के' गुपचूप नाहीसे झाले. ते वाचले तेव्हा मला पिवळी कॅसेट आठवली.

समजा, ८के चित्र मिळालेच. ते दिसेल का? मी एका रविवारी टेप घेऊन आमचा हॉल मोजला. भिंतीवरच्या टीव्हीपासून सोफ्यावरच्या डोक्यापर्यंत नऊ फूट. चांगल्या, म्हणजे ६/६ नजरेचा माणूस साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढे बारकावे वेगळे ओळखतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. ८के असेल तर एकेक ठिपका ०.१६ मिलिमीटरचा होतो, आणि तो शेजारच्या ठिपक्यापासून वेगळा दिसायला डोळा पडद्यापासून पावणेदोन फुटांवर हवा. ४के साठी साडेतीन फूट. जुन्या फुल एचडीसाठी सात फूट. आम्ही बसतो नऊ फुटांवर. म्हणजे आमच्या सोफ्यावरून फुल एचडीचे ठिपकेही एकमेकांत मिसळतात, ४के आणि ८के तर लांबच राहिले. एखाद्या तरुण, तीक्ष्ण नजरेला थोडे अधिक दिसेल. रंगांची खोली आणि काळ्याचा काळेपणा नऊ फुटांवरूनही कळतो, आणि नव्या टीव्हीत तो सुधारलाही आहे. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ते ठिपके.

प्रत्येक उडी अशीच पोकळ होती, असे नाही. प्लेस्टेशनच्या मुख्य मेमरीचा वंशवेल पाहा. १९९४ मध्ये २ मेगाबाइट. २००० मध्ये ३२, म्हणजे सोळापट. २००६ मध्ये २५६, म्हणजे आठपट. २०१३ मध्ये ८ गिगाबाइट, एकदम बत्तीसपट. त्या काळात प्रत्येक नवे यंत्र पाहून मुले अवाक् व्हायची ती उगाच नाही. कागदी सोंगट्यांसारखी चित्रे तिथून चालत्याबोलत्या माणसांपर्यंत आली. आणि २०२० मध्ये? १६ गिगाबाइट. फक्त दुप्पट. माहिती वाचण्याचा वेग मात्र या यंत्रात खरोखर वाढला. खेळ सुरू व्हायची वाट पाहताना चहा टाकून येण्याची सोय गेली, एवढा फरक घरात कळतो.

उड्या लहान झाल्या, बिल मात्र वाढत गेले. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आले आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरले. जरा थांबा, स्वस्त होईल, हा मध्यमवर्गीय घरातला मंत्र तेव्हा चालायचा. प्लेस्टेशन ५ तिथे ४९९ डॉलरला आले आणि पाच वर्षांचे जुने होत आल्यावर, २०२५ मध्ये, ५४९.९९ डॉलरवर चढले. भारतात ते २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना मिळू लागले आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाले. थांबलेल्या माणसाला इथे दंड बसला.

खेळ बनवण्याचा खर्च कंपन्या सहसा सांगत नाहीत. तो २०२३ मध्ये कळला, तोही एका मार्कर पेनमुळे. मायक्रोसॉफ्टच्या एका खरेदीवरून सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात खटला चालू होता. सोनीच्या कागदावरचे आकडे काळ्या मार्करने खोडून मग कागद स्कॅन केला गेला, आणि स्कॅनमध्ये शाईखालचे आकडे वाचता येऊ लागले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या खेळाचा खर्च २२ कोटी डॉलर. डॉलरला ८३ रुपये धरले तर सव्वाअठराशे कोटी रुपये. चांद्रयान-३ मोहिमेचा खर्च सुमारे ६१५ कोटी सांगितला गेला होता. एका खेळाच्या पैशात चंद्राच्या जवळजवळ तीन वाऱ्या.

एवढा पैसा लावूनही बाजार वश होतोच असे नाही. सोनीचाच 'कॉन्कॉर्ड' हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्याचे विसर्जन झाले. खोलीत उड्या मारून खेळायचा मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट २०१० मध्ये ६० दिवसांत ८० लाख विकला गेला, त्याची विक्रम म्हणून नोंद झाली, आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. चष्मा लावून बघायचे थ्रीडी टीव्हीही २०१० मध्येच गाजत आले आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी गुंडाळले. डोळ्यांवर खोके बांधून आभासी जगात जायच्या स्वप्नावर मेटा कंपनीच्या संबंधित विभागाने २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत ४,७०० कोटी डॉलरहून अधिक तोटा दाखवला. रुपयांत जवळपास चार लाख कोटी. मुंबई महापालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे ६० हजार कोटींचे होते. देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेची साडेसहा वर्षे त्या खोक्यात गेली.

संशय घेणारेही तोंडावर पडतात, हे सांगायलाच हवे. १९८३ मध्ये अटारीने न विकलेल्या आणि परत आलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या आणि वर काँक्रीट ओतले. २०१४ मध्ये खड्डा उकरला तेव्हा पुरलेल्या कॅसेटींचा आकडा ७ लाख २८ हजार सांगितला गेला. त्यांत 'ई.टी.' हा खेळ होता. तो एकट्या प्रोग्रॅमरने पाच आठवड्यांत लिहिला होता आणि त्याच्या सुमारे ४० लाख प्रती काढल्या होत्या. व्हिडिओ गेमचे खूळ संपले, असे तेव्हा अमेरिकेतले दुकानदार छातीठोक सांगत होते. त्याच वर्षी जपानमध्ये निन्टेंडोने नवे यंत्र आणले आणि जगभरात ते सहा कोटींहून अधिक विकले. आमची ९९९९ वाली कॅसेट ज्यात चालायची, ते यंत्र त्याचीच नक्कल. तेव्हा खेळ संपले नव्हते, फाजील आकडे संपले होते.

निन्टेंडोतले गुनपेई योकोई हे गृहस्थ मला या सगळ्यात जवळचे वाटतात. नवे, झगमगीत तंत्र घेण्यापेक्षा जुने, स्वस्त झालेले तंत्र वेगळ्या कामाला लावा, असे त्यांचे म्हणणे. १९८९ मध्ये त्यांच्या चमूने 'गेम बॉय' काढला. पडदा हिरवट, छटा चार, मागून उजेड नाही. पुढच्या वर्षी सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा 'गेम गिअर' आणला. तो सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत पिऊन टाकायचा. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चालायचा. लांबच्या प्रवासात कोणता उपयोगी पडेल, हे मुलांना कळत होते. गेम गिअर सुमारे एक कोटी विकला गेला. गेम बॉय, त्याचा रंगीत भाऊ धरून, ११ कोटी ८० लाखांहून अधिक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती.

त्या हिरव्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते. एकूण २३,०४०. ८के पडद्यावरच्या ठिपक्यांना या आकड्याने भागले तर उत्तर येते १४४०. बाकी शून्य. सहज म्हणून कॅल्क्युलेटरवर केलेला भागाकार असा नि:शेष गेला, म्हणून मी तो कागदावर पुन्हा करून पाहिला. आडवे अठ्ठेचाळीसपट, उभे तीसपट. १४४०च.

दादाला फोन करून हे सांगितले. तो तिकडे थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "चोवीस गुणिले साठ करून बघ."

दिवसातली मिनिटेही १४४०च. ठिपके तेवढे पट झाले. मिनिट एकही वाढलेले नाही.